वाफांचा हिशेब

आपल्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर अख्खा संसार लिहिलेला असतो. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या, आणि एका कोपऱ्यात, दुसऱ्या कुणाच्या नजरेत भरू नये इतकी बारीक, पाळीची फुली. पंचेचाळिशीच्या आसपास ही फुली चुकायला लागते. कधी पंधरा दिवसांत येते, कधी तीन महिने गायब होते. मग एक दिवस लक्षात येतं की कित्येक पानं कोरीच उलटली. सलग बारा महिने कोरे गेले की डॉक्टर त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. म्हणजे ती आली हे कळायलाच वर्ष जातं. भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या घरात आहे. त्यानंतर त्या कोपऱ्यात काही लिहायचं कारण उरत नाही. आणि नेमक्या याच काळात अंगातून वाफा निघत असतात, ज्यांची नोंद कॅलेंडरवर नसते, केसपेपरवर नसते, घरातल्या कुणाच्या लक्षातही नसते.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक बायकांना या वाफांपासून आराम मिळत नाही, तो उपाय नाहीत म्हणून नव्हे. हा त्रास मोजायचा असतो हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. ‘उष्णता वाढलीय’, ‘दोन वर्षांत जातं’, ‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’, ‘आमच्या आजीला नव्हतं असलं काही’ ही चार वाक्यं चार वेगळ्या तोंडांची वाटतात. चारही न मोजता बोललेली आहेत. एकेक तपासून बघू.

१. अंग तापलेलं नसतंच

मराठीत ‘उष्णता’ हा शब्द फार कामाचा आहे. तोंड आलं, डोळे चुरचुरले, लघवीला आग झाली, सगळ्याला तो पुरतो. साहजिकच चाळिशीनंतर चेहरा लाल होऊन पदर भिजायला लागला की निदान ठरलेलं असतं, आणि उपायही: गुलकंद, सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी, रात्री तळपायांना काशाच्या वाटीने तूप. मीही हे दीड वर्ष निष्ठेने केलं. तळपाय मऊ झाले.

वाफ येते तेव्हा थर्मामीटर लावून बघा. ताप नसतो. छातीपाशी काहीतरी पेटल्यासारखं होतं, ते मानेवरून कानशिलांपर्यंत चढतं, हृदय धडधडतं, वरच्या ओठावर आणि केसांच्या मुळाशी घाम फुटतो, आणि दोनचार मिनिटांत सगळं ओसरून अंगावर काटा येतो. पाचवर केलेला पंखा बंद करून चादर ओढावी लागते. शेवटची ही हुडहुडी महत्त्वाची आहे. अंगात खरंच जादा उष्णता साठली असती, तर ती निघून गेल्यावर बरं वाटलं असतं, थंडी वाजली नसती.

डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी बायकांना तापमापक बसवलेली गोळी गिळायला देऊन शरीराच्या आतलं तापमान टिपलं. आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, तापमानाची एक मोकळीक ठरलेली असते. तिच्या वरच्या रेघेला टेकलं की घाम, खालच्या रेघेला टेकलं की कापरं, मध्ये काहीच नाही. वाफा न येणाऱ्या बायकांत ही मोकळीक साधारण ०.४ अंश सेल्सियस होती. वाफा येणाऱ्यांत जवळपास शून्य. चहाचे दोन घोट, बसमध्ये शेजारी येऊन बसलेलं माणूस, मनाची जराशी घालमेल, एवढ्यानेही रेघ ओलांडली जाते आणि शरीर आग लागल्यासारखं सगळी दारं उघडून मोकळं होतं.

मोकळीक का आकसते, याचा धागा १९९० च्या सुमारास ॲरिझोनातल्या नेओमी रॅन्स यांच्या हाती लागला. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमधल्या विशिष्ट पेशी फुगून मोठ्या झालेल्या त्यांना दिसल्या. या पेशींना आज ‘कँडी’ पेशी म्हणतात. किसपेप्टिन, न्यूरोकायनिन आणि डायनॉर्फिन या तीन रसायनांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं ते नाव आहे. त्यांच्यावर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. अंडाशयाचं काम थांबलं की लगाम सुटतो, आणि तापमान सांभाळणारं शेजारचं केंद्र त्यांच्या गोंधळाने बिथरतं.

तेव्हा बिघाड उष्णतेचा नाही, मापाचा आहे. काटा बिघडलेल्या तराजूवर भाजी कमी-जास्त करत बसण्यात अर्थ नसतो. सब्जाचं पाणी मेंदूतल्या त्या पेशींपर्यंत पोचत नाही. ते उन्हाळ्यात प्यायला छान लागतं, एवढंच.

२. दोन वर्षांचा हवाला

‘सोस थोडं, दोन वर्षांत जातं’ हे वाक्य मैत्रिणी म्हणतात, सासवा म्हणतात, आणि घाईत असलेले डॉक्टरही म्हणतात. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ पाहणीने वर्षानुवर्षं त्याच स्त्रियांना पुन्हापुन्हा विचारलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: वारंवार वाफा येणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त काळ झाला. पाळी चालू असतानाच ज्यांच्या वाफा सुरू झाल्या, त्यांच्यात हा मधला आकडा अकरा वर्षांच्याही पुढे गेला. चिनी आणि जपानी वंशाच्या स्त्रियांत तो कमी होता, कृष्णवर्णीयांत दहा वर्षांच्या वर. भारतीय स्त्रिया त्यात वेगळ्या मोजलेल्या नव्हत्या, म्हणून आकडा जसाच्या तसा आपल्याकडे उचलून आणू नये. पण ‘दोन वर्षं’ कुठल्याच गटात बसत नाहीत.

हा फरक नुसता आकड्यांचा नाही. दोन वर्षं माणूस दात-ओठ खाऊन काढतं. सात वर्षं रात्री तीनदा उठणारी बाई चिडकी होते, विसरभोळी होते, बढती नाकारते, आणि मग घरचे म्हणतात, ‘हिचा स्वभावच बदलला.’ स्वभाव जागेवर असतो, झोप नसते.

इथे एक व्यावहारिक अट घालते. रात्रीचा प्रत्येक घाम पाळीच्या खात्यावर टाकू नये. संध्याकाळचा ताप, खोकला, उतरत जाणारं वजन यांच्या जोडीला घाम असेल तर आपल्या देशात आधी क्षय तपासायचा असतो. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा मधुमेहाच्या औषधाने साखर खाली जात असेल, तरी घाम असाच फुटतो.

३. ‘गुण आला’ म्हणजे नेमकं काय झालं?

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आपण सगळेच फसतो. हार्मोनच्या औषधांवरच्या चाचण्या एकत्र करून कोक्रेन संस्थेने २००४ मध्ये एक आढावा काढला. त्यात ज्या बायकांना औषध म्हणून खोटी, निष्क्रिय गोळी दिली होती, त्यांच्याही वाफा सुरुवातीच्या तुलनेत जवळपास ५८ टक्क्यांनी उतरल्या होत्या. परत वाचावा असा आकडा आहे. काहीच नसलेल्या गोळीने निम्म्याहून जास्त आराम.

या बायका खोटं बोलत नव्हत्या. वाफांना भरती-ओहोटी असते, आणि बाई उपाय शोधायला निघते ती भरतीच्या आठवड्यात. त्यानंतर ओहोटी येणारच. तिच्यात भर पडते ती कुणीतरी विचारपूस केल्याची, आता काहीतरी सुरू केलंय या दिलाशाची. त्या तीन आठवड्यांत जे घेतलं, त्याला श्रेय जातं: शतावरी, सोयाबीनचं पीठ, जवसाची चटणी, तांब्यातलं पाणी. ‘मला गुण आला’ हे वाक्य खरं असतं. ‘अमुकने गुण आला’ हे मात्र सिद्ध करावं लागतं.

सिद्ध करायचं म्हणजे त्या खोट्या गोळीला हरवायचं. त्याच आढाव्यात हार्मोनने वाफांची संख्या खोट्या गोळीच्या तुलनेत आणखी ७५ टक्क्यांनी कमी केली होती. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये बिगर-हार्मोन उपायांची छाननी केली तेव्हा सोया, वनस्पतींचे अर्क, ॲक्युपंक्चर, संथ श्वसन, योग, व्यायाम आणि मसालेदार पदार्थ टाळणं, या सगळ्यांना ‘वाफांसाठी शिफारस नाही’ या रकान्यात टाकलं. योगाने पाठ सुटते, झोप सुधारते, व्यायामाने हाडं टिकतात, ते करावंच. पण वाफांचं औषध म्हणून करून, ‘माझंच नियमित होत नाही, म्हणून फरक पडत नाही’ असा दोष स्वतःकडे घेत बसू नये. स्वतःला दोष देण्याचा हा प्रकार आपल्याकडे भयंकर आहे. सोसायटीच्या त्याच छाननीत वजन कमी करणं मात्र शिफारशीच्या बाजूला आहे.

४. तीस आणि अडतीस

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा मोठा प्रयोग अर्ध्यावर थांबवला गेला. १६,६०८ स्त्रियांचा हा गट होता. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त दिसला. बातमी जगभर गेली, आपल्याकडेही आली, आणि डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं ते अजून पुरतं सुटलेलं नाही.

आता हेच दुसऱ्या बाजूने वाचा. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. हार्मोन घेणाऱ्या दहा हजारांत ३८. पक्षाघात २१ ऐवजी २९. खुब्याचं हाड मोडणं मात्र १५ वरून १० वर आलं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग १६ वरून १०. आठ जादा कर्करोग ही क्षुल्लक गोष्ट नाही. त्या आठांत आपण असू शकतो. पण ‘२६ टक्के’ ऐकून डोळ्यांपुढे येतं ते चित्र आणि ‘दहा हजारांत आठ’ ऐकून येतं ते, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भीती पहिल्या चित्राची बसली.

शिवाय या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. प्रयोगाचा प्रश्न वाफांचा नव्हताच. उतारवयात हार्मोनने हृदयविकार टळतो का, हा होता. त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं. त्रेसष्टीच्या बाईला दिलेल्या नकारावरून अठ्ठेचाळिशीच्या बाईला घामात बसवलं गेलं. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलेला दुसरा गटही होता. तो पक्षाघात वाढल्यामुळे २००४ मध्ये थांबवला, पण त्यात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. हे आपल्याकडे किती जणींच्या कानावर आलं?

आजची सर्वमान्य भूमिका अशी आहे: वय साठच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत आणि त्रास खरा असेल, तर बहुतेक निरोगी स्त्रियांत हार्मोनचा फायदा धोक्याहून जास्त. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, रक्ताची गाठ, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आलेला असेल, यकृताचा चालू आजार असेल किंवा अंगावरून का जातंय हे कळलेलं नसेल, तर हा मार्ग साधारणपणे बंद. रक्ताच्या गाठींच्या बाबतीत कातडीवर लावायचा पॅच किंवा जेल गोळीपेक्षा सुरक्षित. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हार्मोनवरचे ठळक चौकटीतले बहुतेक इशारे काढायचं जाहीर केलं. मला त्याचीही थोडी धास्ती वाटते. तेवीस वर्षं एका टोकाला लोंबकळलेला लंबक आता दुसऱ्या टोकाला जाऊन ‘सगळ्यांनी घ्या’ म्हणायला लागेल. दहा हजारांतल्या त्या आठ जणी तेव्हाही तिथेच असतील.

५. हार्मोन चालत नसेल तर

इथे बाईला रिकाम्या हाताने परत पाठवलं जातं, आणि ते चूक आहे. नैराश्यावरची काही औषधं अगदी कमी मात्रेत वाफा उतरवतात, पॅरॉक्सेटिनच्या ७.५ मिलिग्रॅम मात्रेला अमेरिकेत २०१३ मध्ये खास याच कामासाठी मान्यता मिळाली. अडचण अशी की केमिस्ट पाकीट बघून एक नजर टाकतो आणि बाई घरी येऊन म्हणते, ‘मला काय वेड लागलंय का?’ औषध तेच, काम वेगळं. एक खबरदारी मात्र पक्की: स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असलेल्यांनी पॅरॉक्सेटिन घेऊ नये, ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं. त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन आहे. रात्रीच्या घामासाठी झोपताना गॅबापेन्टिन कामाला येतं.

मेंदूतल्या त्या कँडी पेशींचा निरोपच अडवणारं फेझोलिनेटंट हे नवं औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्य झालं. यकृताला इजा झाल्याचं दिसल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर ठळक इशारा चढला. नवं म्हणजे निर्धोक नव्हे, पण निदान बिघाड जिथे आहे तिथेच हात घालणारं आहे.

आणि एक उपाय गोळीविना. लंडनच्या किंग्ज कॉलेजात मायरा हंटर यांनी विचार आणि वागणं बदलण्याच्या समुपदेशनाच्या चाचण्या घेतल्या. वाफांची संख्या फारशी घटली नाही. त्यांचा जाच घटला. ‘सगळे माझ्याकडेच बघतायत’, ‘आता आजची झोप गेलीच’ हे विचार सुटले की तीच वाफ निम्मी वाटते. म्हणूनच मोजायच्या गोष्टी दोन: किती आल्या, आणि किती छळलं.

६. येणारे आक्षेप

‘आमच्या आजीला कुठे होतं हे?’ हा आक्षेप पाश्चात्त्य विद्वानांनीही घेतलाय. १९७५ मध्ये मार्शा फ्लिंट यांनी ४८३ रजपूत स्त्रियांशी बोलून लिहिलं की पाळीतल्या बदलांपलीकडे त्यांची तक्रारच नव्हती, कारण पाळी गेल्यावर त्या पडद्याबाहेर येत, पुरुषांत बसू शकत. स्पष्टीकरण मोहक आहे. मान मिळाल्याने दुःख हलकं होतं, हे मलाही पटतं. पण मान मिळाला म्हणून हायपोथॅलॅमस सुधारत नाही. आजीला ‘पाळी गेली’ म्हणजे ‘सुटले एकदाची’ वाटायचं, हे खरं. विटाळ संपला, दर महिन्याची धास्ती संपली. पण ती रात्री माजघरातून उठून पडवीत येऊन का बसायची, पदर ओला करून मानेवर का ठेवायची, हे तिला कुणी विचारलं होतं? तिच्या लेखी तो ‘डोळा लागत नाही’ एवढाच विषय होता.

‘नैसर्गिक आहे, त्याला औषध कशाला?’ चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, तेही नैसर्गिकच. त्यासाठी लावतात त्या चष्म्याला तर आपण ‘चाळिशी’च म्हणतो. चाळिशी लावणाऱ्याला आजवर कुणी सोसायला सांगितलेलं नाही.

‘हा सगळा कंपन्यांचा बाजार आहे.’ या संशयाला इतिहासाचा आधार आहे. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरने ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा रोगच ठरवला आणि चिरतारुण्यासाठी इस्ट्रोजेन सुचवलं; त्यामागे औषध कंपनीचा पैसा होता हे पुढे उघड झालं. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे दिसलं. संशय ठेवावाच. पण तो पावडरींच्या डब्यांवरही ठेवावा. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेला डबाही दुकानातच विकत मिळतो, आणि त्याला खोट्या गोळीशी कुस्ती खेळावी लागत नाही.

‘मोजत बसलं की त्रास वाढतो.’ जन्मभर मोजत बसलात तर वाढेल. दोन आठवडे पुरतात.

७. उसाच्या फडातला खाडा

इथवर मी ज्या बाईबद्दल लिहिलं तिच्याकडे निदान कॅलेंडर आहे. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं तर दंड, त्यालाही नाव ‘खाडा’च. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, पोटदुखी, प्रत्येकात खाडा पडायची भीती. मग ‘पिशवी काढून टाका’. २०१९ मध्ये हा विषय गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य सरकारच्या समितीसमोर जे आलं त्यानुसार, बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती.

गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन हळूहळू ओसरत नाही, एकदम तुटतं. वाफा तिशीतच, आणि जास्त जोराच्या. अंडाशयं ठेवली तरी ती काही वर्षं आधी थकण्याची शक्यता असते. माझ्या मुद्द्याची खरी कसोटी इथे लागते. वयाच्या पंचेचाळिशीआधी अंडाशयं गेलेल्या बाईला, मनाई करणारा आजार नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, वाफांसाठी तर खरंच, हाडं आणि हृदयासाठीही. तिला गर्भाशय नाही, म्हणून नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. म्हणजे २००२ च्या भीतीतला मोठा भाग तिला लागूच होत नाही. सगळ्यात जास्त फायदा आणि सगळ्यात कमी धोका जिच्या वाट्याला येतो, तिच्यापर्यंतच हे औषध पोचत नाही. पहाटे चारला फडावर निघणाऱ्या बाईच्या वाफेला कुणी वाफ म्हणणारच नाही. तिलाही वाटतं, पाचटाजवळ उभं राहून गरम होतंय. पिशवी काढल्याची मोजणी निदान एकदा झाली. त्यानंतरच्या घामाची कुणी केली नाही. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजताना एक प्रश्न जादा विचारायला यंत्र लागत नाही.

८. चौदा दिवसांचं पान

डॉक्टर विचारतात, ‘किती वेळा होतं?’ आणि बाई म्हणते, ‘खूप.’ ‘खूप’ला औषध लिहिता येत नाही, आणि महिन्याने ‘थोडं कमी आहे’ म्हटल्यावर ते गोळीने की ओहोटीने हेही ठरवता येत नाही. त्यापेक्षा जुन्या फुलीची ती रिकामी जागा वापरावी. दिवसा आलेल्या प्रत्येक वाफेला एक उभी रेघ, रात्री झोप मोडली तर रेघेभोवती गोल, आणि त्या दिवशी किती छळलं याला दहापैकी एक आकडा. औषध सुरू करायच्या आधी चौदा दिवस, सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा चौदा दिवस. दवाखान्यात जाताना मोबाइलवर फोटो काढून न्यावा, नाहीतर सरळ पानच फाडून न्यावं, दुधाच्या खाड्यांसकट.